अभ्र्याची चिंधी

मामाने ठासणीची बंदूक चादरीत गुंडाळून माझ्या दुकानात आणली आणि जळाऊ लाकूड टाकावं तशी टेबलावर टाकली.

“घे. नळी चांगली जाड आहे. कुणाच्या बेसिनला लागली तर लाव.”

मी नळदुरुस्तीचं काम करते, म्हणून कुणीही कुठलीही नळी माझ्यापुढे आणून टाकावी असं आमच्या घरात सगळ्यांनाच वाटतं. मागे धाकट्या भावाने बिघडलेली बासरी आणली होती. पण ही बंदूक म्हणजे एके काळी मामाचा जीव की प्राण होती, आणि तिच्याबद्दल तो असं बोलला याचा मला खरंच राग आला.

ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात. आधी मोजून दारू ओतायची, मग कापडाच्या चिंधीत बसवलेली शिशाची गोळी, मग लांब गजाने ते सगळं तळापर्यंत ठासायचं. मागे एक भोकाची बारीक नळकांडी असते, तिला माझ्या धंद्यातल्यासारखंच निपल म्हणतात. तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची, घोडा ओढायचा आणि चाप दाबायचा. एवढा खटाटोप एका बारासाठी! मामा-मामी मात्र तो दर रविवारी जोडीने करायचे. मामा शिंपी, त्यामुळे चिंध्या कापणं आणि ठासणं त्याच्याकडे. मामीचं आयुष्य औषधांच्या दुकानात पुड्या बांधण्यात गेलेलं, त्यामुळे दारू मोजणं तिच्याकडे. दारूच्या बाटलीला ती मामाला बोट लावू द्यायची नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी नेमबाजी क्लबाच्या वार्षिक स्पर्धेत मामाने चाप ओढला आणि नुसतं टक् झालं. टोपी बदलली, पुन्हा टक्. तिसरी टोपी, तिसरं टक्. मागे उभी असलेली मंडळी आधी खोकली आणि मग हसली. मामाने तिथेच जाहीर केलं, “बंदूक मेली,” आणि घरी येऊन ती कपाटावर टाकली. तेव्हापासून रविवारी तो खिडकीत बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या विजारी कुठे चुकल्या आहेत ते सांगतो. ऐकणारा कुणी नसतो. आता दोघं लहान घरात राहायला जाणार होती आणि सोमवारी भंगारवाला यायचा होता.

“तपासून तरी बघते,” मी म्हणाले.

“मेलेल्याची नाडी बघून काय करणार, पाइपराणी?” असं म्हणून तो गेला. चादर मात्र विसरला.

अशी बंदूक हातात आली की ती भरलेलीच आहे असं धरून चालायचं. मी तोंड भिंतीकडे केलं, निपलवर टोपी नाही हे पाहिलं आणि गज हळूच नळीत सोडला. मामाच्या गजावर दोन दोरे गुंडाळून चिकटवलेले आहेत, शिंप्याला दुसरं काय सुचणार? नळी रिकामी असेल तर पांढरा दोरा बरोबर नळीच्या तोंडाशी येतो. नीट भरलेली असेल तर लाल. आज लाल दोरा नळीत पार गडप झाला आणि पांढरा मात्र अंगठ्याच्या पेराएवढा बाहेर राहिला. म्हणजे बंदूक रिकामीही नव्हती आणि नीट भरलेलीही नव्हती.

मी डोकं खाजवत असतानाच मामी आली. हातात ‘गळतोय’ म्हणून आणलेला नळ. तो नळ मी गेल्याच महिन्यात बसवलेला होता आणि त्याला काडीचाही रोग नव्हता, हे मी बघताक्षणी ओळखलं.

“मामी, ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस?”

मामी स्टुलावर बसली आणि नळ मांडीवर ठेवून रडायलाच लागली. मी घाबरले. ही बाई कांदा चिरतानाही रडत नाही.

“बंदूक चांगली आहे गं,” ती म्हणाली. “मी दारूच घातली नव्हती.”

“म्हणजे?”

“स्पर्धेच्या आदल्या दिवशी तुझ्या मामाने माझा निळ्या फुलांचा अभ्रा कापला. चिंध्यांसाठी. म्हणे, याच्यासारखं कापड सगळ्या बाजारात नाही! माझ्या आईने हाताने शिवलेला अभ्रा होता तो. मी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी मैदानावर बाटली हातात घेऊन उभी राहिले. म्हटलं, मागू दे. एकदा नुसतं ‘घाल’ म्हणू दे, लगेच घालते. पण हे कसले मागतात! सरळ गोळी ठेवली आणि ठासली. तोंड उघडायच्या आत टोपीसुद्धा लावली.”

“मग तू का नाही बोललीस?”

“अबोला होता ना!” मामी माझ्यावरच खेकसली. मग तिचा आवाज उतरला. “आणि नंतर सगळे हसले. मग कुठल्या तोंडाने सांगू? त्यांना वाटतं बंदूक गेली, आपला हात गेला. माझ्यामुळे त्यांचा रविवार गेला गं. तू साफ कर, नीट चालते का बघ, आणि त्यांना परत दे. पण मी केलं ते त्यांना कळता कामा नये. कळलं तर मला जन्मभर माफ करायचे नाहीत.”

वा! बंदूक चांगली निघाली की मामा विचारणार, मग त्या दिवशी उडाली का नाही? आणि वाईट म्हणून सांगितली की सोमवारी भंगारात. मी मामीला म्हटलं, आधी गोळी तर बाहेर काढू.

शिशाची अडकलेली गोळी काढायला गजाच्या टोकाला लावायचा स्क्रू मिळतो, पण मी नळवाली आहे. पाइप तुंबला की मागून हवा मारायची, हे मला झोपेतही सुचतं. नळीत तेलाचे थेंब सोडले. निपल पान्याने काढलं, भोकात बारीक तार घातली, तर ती गंजाने तांबडी झाली, दारूचा काळा कण एकही नाही. मामीने सुस्कारा सोडला, जणू तिचाच शब्द खरा ठरतोय की नाही याची तिला धाकधूक होती. मग मी बंदूक शिकंज्यात धरली, तोंडासमोर चिंध्यांनी भरलेलं पोतं लावलं, निपलच्या जागी रबरी नळी घट्ट बसवली आणि पंपावर जोर दिला.

नेमका तेव्हाच मामा दारात उभा. “चादर राहिली होती.”

फट्! गोळी पोत्यात जाऊन बसली. चिंधी मात्र पोत्यावर आपटून उडाली, गिरक्या घेत खाली आली आणि थेट मामाच्या चपलेपाशी पडली. दारूचा जाळ न लागलेली, गंजाचे डाग पडलेली, आणि त्या डागांमधूनही निळं फूल ओळखू येईल अशी.

मामा वाकला. चिंधी उचलली, दोन बोटांत चोळून बघितली, कापड बघावं तशी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तेच. मी अजून तोंड उघडलं नव्हतं तोच मामी म्हणाली, “मी घातली नव्हती. दारू. मुद्दाम.”

“माहीत आहे,” मामा म्हणाला.



“कसं माहीत?” मामीने विचारलं.

“लाल दोरा आत गेला ना. मला दिसत नाही का?”

आता माझी ट्यूब पेटली. ज्या माणसाला बाहीची शिवण सुतभर सरकली तर रात्रभर झोप येत नाही, त्याला अख्खा दोरा नळीत गेलेला दिसणार नाही होय! म्हणजे चाप ओढायच्या आधीच त्याला ठाऊक होतं की आत दारू नाही.

“मग चाप कशाला ओढलास?” मी विचारलं. “तीन-तीन टोप्या कशाला वाया घालवल्यास?”

“मग काय करणार? दारू मागायची तर हिच्याशी बोलायला लागलं असतं.”

“आणि नंतर? घरी येऊन गोळी का नाही काढलीस?”

मामाने चिंधी पालथी केली, पुन्हा सुलटी केली. “काढली असती तर मामला बाहेर आला असता. क्लबातल्या लोकांनी हिचं नाव घेऊन हसायचं? त्यापेक्षा बंदुकीचं नाव घेऊ दे. बंदुकीला काय वाटतं?” मग जरा थांबून म्हणाला, “आणि हिने दारूची बाटली कपाटात वर नेऊन ठेवली. मला वाटलं, हिलाच आता नको आहे. एकट्याने भरण्यात काय मजा?”

मला वाटलं, आता मामी विरघळणार. पण मामी उठली ती नळ उगारूनच.

“लाजेने ठेवली होती मी ती बाटली! इतकी वर्षं मी आतल्या आत झुरतेय, आणि तुम्ही सगळं माहीत असून मूग गिळून बसलात! आता बोलूच नका माझ्याशी.”

आणि पुन्हा अबोला सुरू झाला, माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत.

बंदूक मी धुतली ती या दोघांच्या मधे उभी राहून. निपलच्या भोकाकडची बाजू बादलीत बुडवायची, गजाला ओली चिंधी लावून वर-खाली ओढायची, म्हणजे पिचकारीसारखं पाणी आत जातं आणि बाहेर येतं.

“तुझ्या मामीला सांग, पाणी आणखी कढत लागेल. हाताला सोसतं ते पाणी बंदुकीच्या कामाचं नाही.”

“तुझ्या मामाला सांग, किटली मी केव्हाच ठेवली आहे. डोळे फक्त दोऱ्यांनाच आहेत का म्हणावं.”

मी दोघांचंही काही कुणाला सांगितलं नाही, तरी पाणी आलं आणि साबणही आला. पहिलं पाणी तांबडंलाल, मग चहासारखं, मग फिक्कं, आणि शेवटी पिऊन बघावं असं स्वच्छ. कढत पाण्याने लोखंड तापलं की ते आपोआप कोरडं होतं. मग कोरड्या चिंध्या, मग तेलाचं बोट. मागून टॉर्च लावून मी नळीत पाहिलं. आतल्या वळत गेलेल्या खाचा तोंडापासून तळापर्यंत शाबूत, फक्त गोळी बसली होती तिथे गंजाचं एक पुसट कडं. मी बंदूक मामाकडे दिली. त्याने बराच वेळ पाहिलं. मग मामीने पाहिलं. दोघंही भिंतीशी बोलावं तसं एकदम म्हणाली, “चांगली आहे.”

रविवारी आम्ही क्लबाच्या मैदानावर गेलो. वर्षानुवर्षं पडून राहिलेली बंदूक पहिल्यांदा कुणी खांद्याला लावत नाही. मी ती जुन्या टायरला बांधली, नेहमीइतकीच दारू घातली (मामी माझ्या मोजण्याकडे बघून ओठ मुरडत होती), चापाला लांब दोरी लावली आणि आडोशाला जाऊन ओढली. असा काही बार झाला की चहाच्या टपरीवरचा माणूस किटलीसकट खाली बसला. मी नळी, निपल, सांधे सगळं फिरवून फिरवून पाहिलं. कुठे तडा नाही, कुठे धुराची गळती नाही. मेलेली बंदूक ठणठणीत होती, रोग भलतीकडेच होता.

आता मामाची पाळी. तीच जागा. मागे तीच खोकणारी मंडळी, आता जरा म्हातारी. मामाने बंदूक उभी धरली. खिशातून चिंधी काढली, गोळी तळहातावर घेतली. मामी शेजारी उभी, दारूचं माप काठोकाठ भरून हातात. दोघांची नजर समोरच्या निशाणाकडे. कुणी कुणाकडे बघत नाही.

मामी ओतेना. मामा मागेना.

आज पुन्हा टक् झालं असतं तर बंदूक भंगारात गेली असती, आणि या दोघांना मी कुठे नेऊन टाकणार होते? म्हणावंसं वाटत होतं, अरे बाबा, बोल एकदाचं! पण मधे मी बोलून उपयोग नव्हता. मामाने चिंधी नळीच्या तोंडावर ठेवली. मी डोळे मिटले.

मग कुणीतरी घसा खाकरला.

“अगं,” मामा म्हणाला. चिंधी त्याने परत उचलली होती. “घाल ना.”

“काय घालू?”

“दारू.”

“मला ऐकू नाही आलं.”

“दारू घाल!” मामा ओरडला. “तुझ्याशिवाय कुणाला येतंय ते?”

मागची मंडळी पुन्हा हसली, पण या वेळी मामाही हसत होता. मामीने माप ओतलं. एक कणही बाहेर सांडला नाही, मी पाहिलं. मामाने गोळी ठासली, लाल दोरा नळीच्या तोंडाशी आला हे आधी स्वतः बघितलं आणि मग मामीला दाखवलं. टोपी बसवली. बार झाला, आणि पांढऱ्या धुरात दोघंही दिसेनाशी झाली.

धूर विरला तेव्हा मामाची गोळी शेजारच्या माणसाच्या निशाणावर लागलेली होती. “बंदूक जरा डावीकडे मारते,” मामा म्हणाला.

“नाचता येईना अंगण वाकडं,” मामी म्हणाली. ती गवतात काहीतरी शोधत होती. चार पावलांवर चिंधी पडली होती, कडेने जळलेली, अजून धुमसणारी. मामीने ती फुंकली, उलगडली, आणि तिचा चेहरा बदलला.

“अहो, हा तर तुमचा बारीक रेघांचा सदरा. माझ्या हातीही धुवायला देत नव्हतात तो.”

“कापड चांगलं लागतं,” मामा म्हणाला. “अख्खा कापला. पन्नासेक बार होतील.”

मामीने पिशवीतून छोटी पाकीट-पर्स काढली. तिच्यात माझ्या दुकानातली ती निळ्या फुलाची चिंधी घडी घालून ठेवलेली होती. रेघांची चिंधी तिने तिच्यावर ठेवली आणि चेन लावली. मग मामाला म्हणाली, “उभे काय राहिलात? पुढची भरा. आणि या खेपेला आधी मागा.”