आधी सीटी, मग नळी

खर्र... खर्र...

लेक नुकतीच झोपली होती, घर चिडीचूप होतं, आणि बाहेरच्या खोलीतून आवाज येत होता. अण्णा, माझे वडील, लाकडी फणीनं पाठ खाजवत होते. त्यांच्या स्वादुपिंडात गाठ झाली होती. तिनं पित्ताची वाट अडवली होती. डोळे पिवळेधमक, आणि अंगाला अशी खाज की डोळ्याला डोळा लागत नव्हता. संध्याकाळी आमच्या इथल्या छोट्या हॉस्पिटलात नळी घालून ती वाट मोकळी करायची होती.

फोन आला. अण्णांचे रिपोर्ट पाठवले होते त्या मोठ्या हॉस्पिटलातल्या समन्वयक सिस्टर होत्या.

"ताई, नळी घातली नाही ना अजून?"

"नाही. संध्याकाळी घालणार आहेत."

"थांबवा. तुमचा सीटी स्कॅन साधा पोटाचा आहे. गाठ शेजारच्या शिरेला लागलीय का, हे त्यावर कळत नाही. स्वादुपिंडाचा वेगळा सीटी हवा, आणि तो आधी. नळी घातली की सूज येते. मग गाठ कुठली नि सूज कुठली, सर्जनना सांगता येत नाही."

आमच्या हॉस्पिटलासारखी आणखी काही हॉस्पिटलं त्या मोठ्याशी जोडलेली आहेत. दर गुरुवारी सगळीकडचे डॉक्टर आपापल्या जागी पडद्यासमोर बसतात आणि एकेका पेशंटचे सीटीचे फोटो मिळून बघतात. अण्णांचं ऑपरेशन होऊ शकतं का, ते तिथं ठरणार होतं. धूसर फोटोवर कोण हो म्हणेल?

बाहेर आले तर फणी खुर्चीवर, अण्णा गायब. जन्मभर बस चालवलेला माणूस, वेळेआधी निघायची खोड रक्तातच. नातीची झोप मोडू नये म्हणून दारही हळूच ओढून घेतलेलं. फोन उचलेनात. मी लेकीला तशीच खांद्यावर टाकली आणि सुटले.

अण्णा हॉस्पिटलचा झगा घालून ट्रॉलीवर पडले होते.

"आलीस? चल, घाल म्हणावं लवकर."

"अण्णा, आज नको. आधी दुसरा सीटी काढायचाय."

"गाडी स्टँडला लागली आणि आता उतरायला सांगतेस? खाज तुला सुटलीय का मला?"

"मला सुटली असती तर बरं झालं असतं."

त्यांनी तोंड फिरवलं. डॉक्टर बाजूलाच होते. फोनवरचं सगळं त्यांनी माझ्याकडून ऐकून घेतलं.

"मी यांचे हाल बघून घाई केली," ते म्हणाले. "उद्यावर ढकलू, पण ताप असला तर..."

ट्रॉलीजवळच्या सिस्टरनं थर्मामीटर बघितलं आणि डॉक्टरांपुढे धरलं. अंग तापायला लागलं होतं.

"मग नळी आजच. अडलेल्या पित्तात जंतू वाढले तर जिवावर बेतेल. सीटी इथंच काढू, आत्ता."

मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञानं असा सीटी कधी काढला नव्हता. डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात फोन लावला. तिथल्या रेडिओलॉजिस्ट बाई स्पीकरवर आल्या.

"पोटाच्या सीटीआधी पाजता ते पांढरं औषध देऊ नका. साधं पाणी द्या. शिरेतून औषध सोडलं की दोनदा फोटो. पहिल्याची वेळ मी सांगेन. पेशंट हलला तर सगळं वाया."

"काका, हलायचं नाही," तंत्रज्ञ म्हणाला. "खाजवायचंही नाही."

"बरं, बांधून ठेवा मला," अण्णा म्हणाले, आणि आत गेले.

काचेतून मला त्यांची बोटं दिसत होती. आधी चादर घट्ट धरली. मग चादर सुटली नि बोटं तशीच हवेत आखडली. माझ्याच पाठीत सुया टोचत होत्या.

"थांबा... थांबा... आता," फोनवरचा आवाज म्हणाला. मशीन घरघरलं. नंतर पुन्हा एकदा. मग तंत्रज्ञानं फोटो तिकडे पाठवले.

"मिळाले. शीर स्पष्ट दिसतेय. घाला नळी."

गुरुवारी आम्ही आमच्याच हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या बैठकीच्या खोलीबाहेर बसलो. अण्णांचा ताप उतरला होता, खाजही कमी होती, तरी एक हात सवयीनं मानेकडे जात होता. दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले.

"गाठ शिरेला टेकलीय, पण तिनं वेढा घातलेला नाही. आत्ता लगेच ऑपरेशन नको, असं सगळ्यांचं मत पडलं. आधी केमो. ती इथंच देऊ. मग पुन्हा सीटी, पुन्हा मिळून बघू. गाठ आटोक्यात राहिली तर मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन."

"आणि नाही राहिली तर?" मी विचारलं.

"तर पुढचं काय, तेही मिळूनच ठरवू."

"म्हणजे सिग्नल पिवळा," अण्णा म्हणाले. "इंजिन चालू ठेवायचं."

डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही. तेवढ्यात लेक माझा हात सोडून उघड्या दारात जाऊन उभी राहिली. आत भिंतीवरच्या पडद्यावर चौकटी चौकटीत चेहरे होते. कुणी चष्मा पुसत होतं, कुणी पाणी पीत होतं.

"आई, हे सगळे आजोबांना बघतात?"

"हो गं."

तिनं दारातूनच एकेका चौकटीवर बोट फिरवलं.

"मग यांतले बरं करणारे कुठले?"