सातवी खाच

मी एक जुनी दुर्बीण आहे. पितळेची, हातभर लांब, पुढच्या काचेच्या कडेला एक टवका उडालेली. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी सहलीला चिखलदऱ्याला आलं असेल, तर दरीच्या काठावर तिपाईवर उभी असलेली मी तुम्हाला दिसले असेन. तुम्ही आलात, एक डोळा मिटता येईना म्हणून हाताने दाबून धरलात, दुसरा माझ्या काचेला लावलात आणि "दिसलं, दिसलं!" म्हणत भुट्टा खायला पळालात. आता खरं सांगा, काय दिसलं होतं?

राहू द्या. मला माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या होत्या. पूर्वी मला याचा भारी राग यायचा. तेलकट बोटं काचेला लावणाऱ्यांचा तर इतका राग यायचा की काय सांगू! आता रागावायचं बळ राहिलेलं नाही. पण मला जे सांगायचं आहे ते या "दिसलं" शब्दाबद्दलच आहे, म्हणून आधी विचारून घेतलं.

माझा जन्म कुठे झाला हे मला आठवत नाही. आठवतं ते परतवाड्यातलं भंगाराचं दुकान. फुटक्या कंदिलांच्या ढिगाखाली मी कितीतरी वर्षं पडून होते. तिथून अब्दुल गफ्फार नावाच्या तरुण घड्याळजीने मला उचललं. त्यांनी माझ्या काचा एकेक करून सोडवल्या, मऊ फडक्याने पुसल्या, पेच बदलले. मग मला डोळ्याला लावून म्हणाले, "अबे वा! हे त जित्ती हाय!" भंगारात पडलेल्या वस्तूला असं कोणी म्हटलं की काय वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं.

पुढे हातातली घड्याळं बंद पडायच्या आधीच लोक ती बदलू लागले आणि गफ्फारचाचांचं काम बसलं. तेव्हा ते मला घेऊन घाट चढून वर आले. सागवानी तिपाई करून घेतली. तिपाईवर एक पितळी कडं बसवलं आणि त्या कड्यावर घड्याळाच्या बारीक कानशीने खाचा पाडल्या. मला फिरवलं की खाचेत 'टक्' करून बसायची आणि माझी नजर नेमक्या जागी जायची. पहिल्या खाचेला गाविलगडाचा दरवाजा. दुसरीला समोरच्या कड्यावरची मधाची पोळी. तिसरीला पाणवठा, तिथे नशीब असलं तर रानगवे दिसायचे, नसलं तर नुसतं पाणी. अशा सहा खाचा सहलीच्या लोकांसाठी होत्या.

सातवी खाच चाचांची स्वतःची होती.

ती बसवली की मी सरळ खाली, घाटाच्या पायथ्याच्या गावात, एका घराच्या गच्चीवर पाहायचे. ते चाचांचं घर. तिथे त्यांच्या बायको खुर्शीदबी राहायच्या. चाचा शनिवारी वर यायचे, गोवर्धनच्या चहाच्या टपरीमागच्या खोलीत राहायचे आणि जुम्म्याच्या नमाजाला शुक्रवारी खाली जायचे. मधले दिवस खुर्शीदबी एकट्याच. मूलबाळ नव्हतं. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोनचा उपयोग शून्य, आणि आमच्या पॉइंटवर रेंज तरी कुठे होती! म्हणून दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं. रोज दुपारी चार वाजता खुर्शीदबी गच्चीच्या दोरीवर लाल चादर टाकायच्या. लाल म्हणजे मी बरी आहे. पांढरी टाकली तर सगळं सोडून या.

एकोणीस वर्षांत पांढरी चादर दोनदाच आली. एकदा घरात पाणी शिरलं तेव्हा, आणि एकदा खुर्शीदबींची आई गेल्याचा निरोप आला तेव्हा. दोन्ही वेळा मी दाखवलं आणि चाचा तासाभरात घाट उतरले. मला याची भारी ऐट होती. सहलीचे लोक किल्ल्याला, धबधब्याला वाहवा करायचे. पण चार वाजता चाचा माझ्यापाशी वाकायचे, लाल रंग पाहून "हाव, ठीक हाय" म्हणायचे, तेव्हा मला वाटायचं, आपण खरं काम केलं ते हे.

मग चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

आधी त्यांना गवे दिसेनासे झाले, मग किल्ल्याचा दरवाजा. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आंधळ्या दुर्बीणवाल्यापाशी कोण थांबेल? त्यांची बोटं खाचा ओळखत होती. 'टक्' झालं की ते तोंडपाठ बोलायला लागायचे, "पाहा, डाव्या हाताले बुरूज, त्याच्या खाली दरवाजा." लोकांना पत्ताही लागायचा नाही. गोवर्धनला तेवढं समजलं होतं. तो रोज चहा देताना म्हणायचा, "चाचा, डोळ्याच्या शिबिरात जाऊन या न. दोन दिवसाचं काम हाय."

"संक्रांत होऊ दे बाप्पा. आता सहली येऊन राह्यल्या."

"चाचीले सांगतलं काय?"

"तिले कायले सांगू? तिचा जीव टांगनीले लागन. तिले वाटते, मी वरतून पाहून राह्यलो."

आणि सातवी खाच? मित्रांनो, इथेच सगळं चुकलं. चार वाजले की चाचा समोर असेल त्या पाहुण्याला बोलवायचे. "या न भाऊ, एक खास पॉइंट दाखवतो." माझी मान वळवायचे आणि विचारायचे, "लाल चादर दिसते ना?"

"काय दिसते?" असं विचारायला हवं होतं त्यांनी. पण ते विचारायचे, "लाल दिसते ना?" भीती वाटते तेव्हा माणूस असंच विचारतो. आणि समोर असा हसऱ्या चेहऱ्याचा म्हातारा उभा असला, तर नाही कोण म्हणणार! आपले वऱ्हाडातले लोक तोंडावर फटकन बोलतात म्हणून बदनाम आहेत, पण म्हाताऱ्या माणसाचं मन मोडायचं म्हटलं की त्यांचीही जीभ अडखळते. "हाव चाचा, मस्त दिसते!" म्हणायचे आणि निघायचे. एक-दीड वर्ष ते खपून गेलं, कारण चादर रोज खरोखरच लाल होती.

डिसेंबरातला तो रविवार. हवा इतकी स्वच्छ होती की खालच्या गावातली शेळीसुद्धा मला ओळखू यावी. सातवी खाच बसली आणि मी पाहिलं. दोरीवर पांढरी चादर होती.

माझ्या डोळ्याला तेव्हा वलगावचं एक नवं जोडपं होतं. नवरा अर्ध्या मिनिटासाठी वाकला, पण त्याचं लक्ष बायको फोटो कुठे काढते आहे तिकडे. "लाल दिसते ना?" चाचांनी विचारलं. "हो हो, एकदम लाल!" तो म्हणाला. मी काय करणार? मला नजर आहे, तोंड नाही. चाचा म्हणाले, "ठीक हाय," आणि चहा प्यायला गेले.

सोमवारी अकोल्याचे चार मित्र आले होते. पांढरी चादर तशीच होती. त्यांच्यातला जो वाकला त्याला काही दिसलं नाही, कारण त्याने मला धक्का देऊन माझी मानच हलवली. तरी तो म्हणाला, "दिसली न चाचा, काय पॉवर हाय दुर्बिणीची!" माझं कौतुक त्याने केलं. असं कौतुक कोणाच्या वाट्याला येऊ नये.

मंगळवारी तेल्हाऱ्याच्या शाळेची सहल आली. चाळीस मुलं. सकाळी त्यांनी पंचबोलच्या दरीत प्रतिध्वनी ऐकायला आरोळ्या ठोकून घेतल्या होत्या, रबडी खाल्ली होती आणि आता परतायची घाई होती. सीमा मॅडम रांगेच्या टोकाला उभ्या राहून म्हणत होत्या, "पटापट पाहा, मागच्यायलेही पाहू द्या." चाचांना मुलांचा फार लळा. ते इतके खुश होते की सातवी खाच त्यांनी आख्ख्या रांगेला दाखवली.

"लाल चादर दिसते ना?"

"दिसली!" पहिला म्हणाला. पहिला म्हणाला म्हणून दुसरा म्हणाला. दुसरा म्हणाला म्हणून तिसरीला वाटलं, आपल्यालाच कशी दिसत नाही? मग तीही म्हणाली. मी आतल्या आत ओरडत होते, अरे बाबांनो, नीट पाहा! पांढरी आहे! एकाने तरी म्हणा!

शेवटून तिसरी रागिणी नावाची मुलगी होती. सहावीतली, एका वेणीची रिबीन सुटलेली. तिने घाई केली नाही. डोळा नीट लावला आणि श्वास रोखून पाहिलं. तिला पांढरी चादर दिसली. मला खात्री आहे, कारण ती पुटपुटली, "पांढरी..."

"काय म्हन्लं बेटा? लाल दिसते ना?"

मागून कोणी तरी तिला ढकललं. "अवं, दिसली म्हन न! गाडी सुटून राह्यली!" रागिणीने डोळा काढला आणि चाचांच्या तोंडाकडे पाहिलं. ते हसत होते. ती म्हणाली, "हाव आजोबा. दिसली."

गाडीत ती खिडकीपाशी बसली होती. गाडी वळणावर जाईपर्यंत ती आमच्याकडे पाहत होती. त्या पोरीला मी दोष देत नाही. त्या एका रंगावर काय टांगलेलं होतं, ते तिला कुठे माहीत होतं?

बुधवारी सकाळी घाटातून प्रवासी जीप आणणारा देवमन एकटाच वर आला. जीपमध्ये एकही सवारी नव्हती. तो टपरीपाशी उतरला आणि चाचांसमोर आला.

"चाचा, चाला घरी."

"काहून रे? आज त बुधवार हाय."

"चाची गेल्या चाचा. पहाटे."

चाचा हसले. खरंच सांगते, हसले. "काय बोलतं बे? काल चार वाजता लाल चादर होती. चाळीस पोरायनं पाह्यलं. इचार गोवर्धनले."

देवमन खाली बसला आणि रडायला लागला. "लाल नोती चाचा. तीन दिवसापासून पांढरीच हाय. आताबी तेच टाकेल हाय."

मग त्याने सगळं सांगितलं. खुर्शीदबींना ताप आला होता, छातीत कफ झाला होता. शेजारची जमुना रोज म्हणत होती, दवाखान्यात चला, नाही तर देवमनच्या हाती वर निरोप तरी धाडते. खुर्शीदबी तिला म्हणाल्या, "निरोप कायले धाडतं जमुना? त्याइच्यापाशी दुर्बीण हाय. त्याइनं पाह्यलं असन. वाटेतच असतीन. ते आले का जाऊ." तीन दिवस त्या दाराकडे तोंड करून पडल्या होत्या. मंगळवारी संध्याकाळी जमुनाने ऐकलं नाही, गाडी बोलावली. पण फार उशीर झाला होता.

चाचा जीपकडे निघाले, मग अर्ध्यातून परत फिरले. चाचपडत माझ्यापाशी आले. माझ्या नळीवर हात ठेवला.

"तुले त दिसत होतं," ते म्हणाले. "तुले त दिसत होतं ना वं?"

मित्रांनो, त्या दिवशी मला पुन्हा भंगारात जावंसं वाटलं. फुटक्या कंदिलांखाली पडलेली मी बरी होते. तिथे माझ्यावर कोणाचा भरवसा तरी नव्हता.

तीन महिने मी गोवर्धनच्या टपरीत पोत्यात पडून होते. माझ्या काचेवर चहाच्या वाफेचा थर चढला. चाचांना गोवर्धनने हाताला धरून शिबिरात नेलं. ऑपरेशन झालं. ज्याला दोन दिवसांचं काम म्हणत होते, ते खरंच दोन दिवसांत झालं.

मग मार्चमध्ये एका दुपारी चाचा वर आले. पोतं सोडलं, मऊ फडक्याने माझ्या काचा पुसल्या, मला तिपाईवर चढवलं. पहिली खाच नाही, दुसरी नाही. 'टक्' करून सातवी. आणि किती तरी दिवसांनी स्वतःचा डोळा माझ्या काचेला लावला. गच्ची लख्ख दिसत होती. विटांची कड, पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायची दोरी. दोरीवर काहीच नव्हतं. काच ओली झाली म्हणून मला पुढचं धूसर दिसलं.

आता चाचा पुन्हा सहा खाचा दाखवतात. पण आता ते आधी काही सांगत नाहीत. माझी मान वळवतात आणि विचारतात, "काय दिसते?" मग गप्प राहतात. कोणी घाईने "दिसलं" म्हटलं, तर म्हणतात, "काय दिसलं ते सांग. नाई दिसलं त नाई म्हन. मले राग नाई येत." लोकांना वाटतं, म्हातारा किरकिरा आहे.

म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. माझी काच पुसू नका, ते काम चाचा करतात. माझं कौतुकही करू नका. फक्त कोणी तुम्हाला विचारलं, दिसलं का, तर आधी नीट पाहा. रांग खोळंबली तर खोळंबू द्या. दिसलं नसेल तर नाही म्हणा, आणि वेगळं काही दिसलं असेल तर तेच सांगा, समोरचा कितीही हसत असला तरी. रागिणी, तू हे कुठे वाचत असशील तर, चाचा तुझ्यावर रागावलेले नाहीत. त्यांना तुझं नावही माहीत नाही.

सातवी खाच त्यांनी घासून टाकली नाही. रोज चार वाजता ते मला तिथे वळवतात, आता दुसऱ्या कोणाला बोलावत नाहीत. स्वतः वाकतात, पुष्कळ वेळ पाहतात, आणि मग मोठ्याने, मला ऐकू जाईल असं म्हणतात, "नाई दिसत."