न आलेलीचा वाटा

चाकूरजवळ रस्ता रुंद झाला, तेव्हा व्यंकटीच्या बांधावरचे आंबे तोडले गेले. ते पार्वतीबाईने, त्याच्या बायकोने, लावले होते आणि डोक्यावर घागरी वाहून जगवले होते. झाडं तोडली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात पार्वतीबाई वारली. झाडांच्या भरपाईचे पैसे मात्र कोणी वाट पाहत नसताना एकदम बँकेत जमा झाले, आणि भरपूर झाले.

मुलगा आनंदराज बायकोला घेऊन नांदेडहून आला. आल्या आल्या म्हणाला, "आबा, हे विंडफॉल हाय. सगळ्याची चारचाकी घेऊ."

गाडीला व्यंकटीची ना नव्हती. पण पार्वतीची सगळी झाडं एका गाडीत जाणार, हे त्याला सोसेना. त्यात तो शब्दही नवा. सून बुद्धप्रिया विष्णुपुरीच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. तिला त्याने विचारलं, "म्हंजे काय गं?"

"अचानक मिळालेला पैसा, आबा. कष्ट न करता."

व्यंकटीला घागर आठवली. तो म्हणाला, "आन् शब्द कशाचा बनलाय?"

"वाऱ्यानं पडलेलं फळ."

तो सावरून बसला. "इंग्रजांकडंबी पडतंय का? मंग ते कुणाचं? झाडवाल्याचं का उचलणाऱ्याचं?"

बुद्धप्रियाने मोबाइल काढून बराच वेळ वाचलं. "ते इथं दिलं नाही."

"आन् वाटणी?"

"शब्दात वाटणी कुठून असणार, आबा?" ती हसली.

"आमच्यात हाय."

मग त्याने सांगितलं. गावचे जमीनदार आप्पासाहेब, त्यांच्या आमराईत वावटळ सुटली की वस्तीतल्या बाया टोपल्या घेऊन पळायच्या. झाडावरचं आप्पासाहेबांचं, खाली पडलेलं बायांचं. पण आपापलं कोणी नेत नसे. सगळ्या कैऱ्या एका जागी ओतायच्या, मग जेवढ्या बाया तेवढे ढीग करायचे. आणि एक ढीग जास्तीचा, जी येऊ शकली नाही तिचा. कोणी बाळंतीण असायची, कोणी तापानं पडलेली. तो वाटा पार्वती तिच्या दारात पोचवायची.

आनंदराज कंटाळला. "बरं. गाडीचं काय?"

"घे की. तू, बुद्धप्रिया, मी. तीन ढीग. चौथा तुझ्या मायचा."

"माय कुठं हाय आता?"

"आली न्हाई, म्हणून तर."

लहानपणी आनंदराजला गोवर निघाला, तेव्हा पार्वती उशाशी बसून होती आणि शेजारीण कैऱ्या दारात ओतून गेली होती. त्याला ते आठवलं की काय, व्यंकटीने विचारलं नाही.

"जुनी गाडी घेऊ मंग," आनंदराज म्हणाला.

बुद्धप्रिया म्हणाली, "पण आईंचा वाटा पोचवायचा कुठं?"

दुसऱ्या दिवशी तिघं पार्वतीचा वाटा घेऊन लातूरला रोपवाटिकेत गेले. मालक वीरभद्रने केशर आंब्याचं रोप दाखवलं. "फळ घट्ट धरतंय, काका. वाऱ्याला दाद देत न्हाई."

"ते नगं. वारं सुटलं की पडणारं हाय का?"

"लोक फळगळ थांबायचं औषध मागायलेत, आन् तुम्ही गळणारं झाड मागायलात?"

"हाव. रस्त्याकडंला लावायचंय."

वीरभद्र हसत हसत मागून गावरान रोपं घेऊन आला.

आनंदराजने रोपं उचलली. "आबा, कुंपण लागंल."

"शेळ्यांपुरतं घाल," व्यंकटी म्हणाला. "टोपली घेतलेली बाई आत येईल एवढी वाट सोड."