अवसेचं पाणी

मुंबई राज्याचं महाराष्ट्र झालं तरी दौंडच्या कालवा कचेरीतले शिक्के जुनेच होते, आणि कारकून इनुस त्या सोमवारी ते भलत्याच कागदांवर उमटवत होता. त्याचा जीव टेबलावर नव्हताच. गुरुवारी धाकट्या बहिणीचा, मदिनाचा निकाह. नवा चंद्र धरून थोरल्यांनी दिवस काढलेला. घर पाटसच्या पुढं, चारीच्या अगदी शेपटीला, आणि विहिरीत बादली बुडेल एवढंही पाणी नाही. चारी वाहिली की विहिरीला पाझर फुटतो. शेपटीला पाण्याची पाळी याच आठवड्यात द्यायची होती. ती सोमवारी सकाळी सुटावी एवढं इनुसनं पाहिलं, साहेबांची सही घेतली आणि हुकूम आदल्या शनिवारी स्वतः नेऊन दिला.

वरवंडजवळ चारीच्या दरवाजावर सावळाराम पाटकरी होता. भला माणूस. हुकूम देताना इनुस त्याला म्हणाला, "आबा, आमच्या मदिनाच्या लग्नाचं पाणी आहे. जरा बघा." सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

दुपारी वरवंडहून आलेला एक बागाईतदार सहज बोलून गेला, "तुमची चारी कोरडी ठणठणीत हाय की!" इनुसनं दौत सांडली, हेडक्लार्कला पोटदुखीचं कारण सांगितलं आणि मिळेल ती एसटी धरली. बुधवारी पाहुणे उतरणार. त्यांना काय, शिक्के धुऊन पाजायचे? अख्ख्या तालुक्याच्या पाण्याचे हुकूम लिहिणाऱ्याच्या घरी पाण्यावाचून लग्न! लोक तोंडात शेण घालतील.

सावळाराम चौकीपुढं बाभळीखाली निवांत सुपारी कातरत होता.

"आबा, दरवाजा का उचलला नाही?"

"आज आवस हाय, भाऊसाहेब. उद्या तांबडं फुटायला सोडतो."

"गेल्या अवसेला सोडलंत की!"

"ते सरकारी पाणी. सरकारला कसली आवस? हे लग्नाचं हाय."

इनुसचं डोकं तडकलं. तो चंद्र दिसायची वाट बघत होता, आणि त्याच चंद्रावाचून हा म्हातारा अडून बसला होता. "रिपोर्ट करीन, आबा! नोकरी जाईल!"

"जाऊ द्या." सावळारामनं अडकित्ता मिटला. "माझ्या धुरपदाच्या लग्नाला आवसेलाच पाणी सोडलं व्हतं म्या. त्याच पाण्यावर सैपाक झाला. वर्साच्या आत पोर माघारी आली, पाठीवर वळ घिऊन. तुमच्या बहिणीला माझ्या हातानं तसलं पाणी न्हाई द्यायचा."

आता या माणसाशी भांडायचं तरी कसं? इनुस दरवाजाच्या चाकापाशी गेला. हे चाक त्यानं कधी फिरवलं नव्हतं. हात लावला आणि मनात पाल चुकचुकली. आतापर्यंत अवस त्याच्या गावीही नव्हती. आता ती बोटांत येऊन बसली. त्याला स्वतःचाच राग आला.

चौकीतून धुरपदा बाहेर आली. तिशीतली बाई, बापासारखीच हाडापेरानं मोठी. तिनं पदर खोचला, इनुसला बाजूला केलं आणि चाक फिरवायला लागली.

"धुरपदे!" म्हातारा ओरडला.

"दर आवसेला त्या पाण्याला बोल लावता, आबा. पाण्याचं काय चुकलं? सोयरिक करताना तुम्ही घर पाह्यलं नव्हतं."

सावळाराम उठला होता, तो पुन्हा बाभळीखाली टेकला. इतकी वर्षं त्यानं सगळं अवसेवर ढकललं होतं, आणि पोरीनंही ढकलू दिलं होतं.

दरवाजा कुरकुरला. गढूळ पाणी चारीत पडलं आणि पाटसकडं धावलं. इनुसला हायसं वाटायला हवं होतं.

"पोरगा कुठला?" धुरपदानं हात पुसत विचारलं.

"शिरूरचा. सरकारी नोकरी आहे."

"घर पाह्यलं का, भाऊ?"

आई महिनाभर तेच म्हणत होती, 'एकदा जाऊन बघून ये.' त्यानं प्रत्येक वेळी सुट्टी नाही म्हणून सांगितलं होतं. मदिना तर काहीच बोलली नव्हती. तिला विचारलंच कुणी नव्हतं.

इनुस झपाझपा सडकेवर आला. पाटसकडची गाडी थांबली, कंडक्टरनं हाक मारली. घरी मांडव घालायचा होता. इनुसनं गाडी जाऊ दिली आणि सडक ओलांडून शिरूरच्या वाटेला उभा राहिला.