तेलातल्या माणसाचे डायनोसॉर

सदानंद आखातातल्या शुऐब्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात सतरा वर्षं नोकरीला होता आणि सतराही वर्षं तो स्टोअरमध्येच होता. पंपाचे सील, पाइपांचे गॅस्केट आणि नट-बोल्ट एवढं त्याचं राज्य. तेलाशी त्याचा जवळचा संबंध आला होता तो गाडीत पेट्रोल भरताना दोन थेंब बुटावर पडले तेव्हा. पण तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ यांना असल्या बारीकसारीक तपशिलात रस नव्हता.

मंडळाच्या बालवर्गात चार ते सहा वर्षांची बावीस मुलं होती. दर शुक्रवारी सकाळी ती सालमियातल्या एका तळघरातल्या हॉलमध्ये मराठी शिकायला येत, म्हणजे मराठीत प्रश्न ऐकून इंग्रजीत उत्तरं देत. या खेपेला विषय ठरला ‘डायनोसॉरची ओळख’. ओळख करून कोण देणार असं विचारल्याबरोबर बैठकीतल्या सगळ्यांना एकदम आपापल्या फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं. सदानंदचा फोन चार्जिंगला होता.

“तुम्हीच सांगा,” राजाभाऊ त्याला म्हणाले. “तुम्ही तेलातला माणूस. आणि तेल म्हणजे शेवटी काय? डायनोसॉरच की. तुमच्यासारखा तज्ज्ञ घरात असताना बाहेर कशाला शोधायचं?”

मी नट-बोल्टवाला आहे, असं सदानंदने तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण ‘तज्ज्ञ’ हा शब्द कानात गेला आणि आतच राहिला. सतरा वर्षांत त्याला तसं कोणी म्हटलं नव्हतं. घरी तर तो प्रश्नच नव्हता.

घरी बायकोने, मेधाने, सगळं ऐकून घेतलं आणि भाजी परतत म्हणाली, “अथर्व पाच वर्षांचा होता तेव्हा मी तुला त्याला गोष्ट सांगायला सांगितली होती. तू विम्याच्या अटी वाचून दाखवल्यास.”

“झोपला ना पण?”

“तोच तर मुद्दा आहे,” मेधा म्हणाली.

त्यांचा मुलगा अथर्व आता पुण्यात इंजिनिअरिंगला होता, त्यामुळे घरात सराव करायला लहान मूल नव्हतं. सदानंदने मग ऑफिसात ऑडिटरसाठी करतात तशी तयारी केली. चौसष्ट स्लाइड झाल्या. पहिल्या अकरांमध्ये डायनोसॉर नव्हताच, पृथ्वीचे कालखंड होते. चाळिसाव्या स्लाइडसाठी वाचताना मात्र त्याला घाम फुटला. तेल डायनोसॉरचं होत नाही, असं सगळीकडे लिहिलेलं होतं. ते झालं होतं समुद्रातल्या, डोळ्यांना दिसणारही नाहीत अशा बारीक जिवांपासून.

त्याने राजाभाऊंना फोन लावला.

“अहो, पत्रक छापून झालंय,” राजाभाऊ म्हणाले. पत्रकावर डायनोसॉरची शेपटी तेलाच्या पिंपात गेलेली दाखवली होती आणि खाली ‘तेलतज्ज्ञ सदानंद’ असं जाड अक्षरांत होतं. “शिवाय मुलं लहान आहेत. त्यांना खरं सांगून काय करायचंय?”

सदानंदला हे पटलं. अठ्ठावन्नावी स्लाइड, पिंपवाली, तशीच राहिली.

शुक्रवारी सकाळी हॉलचा एसी बंद पडलेला. बाहेर शेहेचाळीस अंश होते, आत राजाभाऊंचं स्वागताचं भाषण. एका कोपऱ्यात शिडीवर चढून शत्रुघ्न नावाचा मेकॅनिक एसीचं झाकण खोलत होता. हा कुडाळकडचा, कंत्राटावर आलेला, सुलैबियातल्या एका वर्कशॉपात कामाला. सुट्टी त्याचीही शुक्रवारचीच, पण मंडळाचं काम म्हणजे समाजसेवा असते, हे राजाभाऊंनी त्याला फोनवर समजावून दिलं होतं. स्वतः राजाभाऊ पहिल्या रांगेत पंख्यासमोर बसून सेवा करत होते.

सदानंदने सुरुवात केली. चौथ्या स्लाइडला एकाला शू लागली, पाचवीला नऊ जणांना. मुलं परत येईपर्यंत सदानंदने पन्नासेक स्लाइड गाळल्या होत्या आणि पडद्यावर पंखवाला एक प्राणी होता.

“हा उडणारा डायनोसॉर,” सदानंद म्हणाला.

“नो, अंकल,” पुढे बसलेली अंतरा म्हणाली. वय वर्षं पाच, समोरचे दोन दात नाहीत. “दॅट्स नॉट अ डायनोसॉर. तो फक्त रेप्टाइल आहे.”

तज्ज्ञाने आपल्या कागदांत पाहिलं. अंतराचंच बरोबर होतं. त्याने घाईघाईने बटण दाबलं, दोनतीनदा जास्तच दाबलं गेलं, आणि पडद्यावर आली अठ्ठावन्नावी. शेपटी, पिंप सगळं.

मग अंतराने विचारलं, “पप्पांच्या कारमध्ये डायनोसॉर घालतात?”

“म्हणजे... पूर्वीचे,” सदानंद म्हणाला.

“आपण त्यांना बर्न करतो?”

पहिला हुंदका तिसऱ्या रांगेतून आला. मग शेजारच्याचा, मग ओळीने. दोन मिनिटांत बावीस मुलं मेलेल्या डायनोसॉरसाठी रडत होती. मागे उभ्या असलेल्या आया सदानंदकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ती त्याला घरातून ओळखीची होती. राजाभाऊ उठून म्हणाले, “मुलांनो, राष्ट्रगीत म्हणू या का?”

सदानंदच्या शर्टातून घाम ठिबकत होता. आपण पाच वर्षांच्या पोरांशी खोटं बोललो, ते जाड अक्षरांतल्या एका शब्दासाठी, हे त्याला फार साधेपणाने कळलं. तो खाली सतरंजीवर बसला.

“ऐका,” तो म्हणाला. “हे चित्र चुकीचं आहे. मला ठाऊक होतं, तरी दाखवलं. गाडीत डायनोसॉर नसतो. आणि मी तज्ज्ञबिज्ज्ञ नाही. मी स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजतो.”

राजाभाऊंना खोकला आला.

अंतराने नाक पुसलं. “मग डायनोसॉर गेले कुठे?”

“बरेचसे मेले. काही उरले, त्यांचे पक्षी झाले. आपली कोंबडी त्यांच्यातलीच.”

कोंबडी म्हटल्यावर बावीस चेहऱ्यांवर अविश्वास पसरला. ही मुलं कोंबडीला फक्त थर्माकोलच्या ट्रेमध्ये भेटली होती. सदानंदने पुरावा म्हणून एकतिसावी स्लाइड लावली. वाळवंटात सापडलेला एक सांगाडा, पाय दुमडलेले, हात दोन्हीकडे पसरलेले, खाली गोलाकार मांडलेली अंडी. याबद्दल त्याने सात मुद्दे लिहून आणले होते. पहिला वाचणार तोच शिडीवरून आवाज आला.

“ही खुडूक बसलीहा.”

सगळ्यांनी वर पाहिलं. शत्रुघ्न स्क्रूड्रायव्हर हातात धरून पडद्याकडे बघत होता. “अंडी उबवूक बसता तेव्हा कोंबडी अशीच बसता. पंख पसरून. आमच्या घराकडे वीस-बावीस होत्यो.”

“व्हॉट इज खुडूक?” अंतराने विचारलं. बालवर्गाच्या इतिहासात मुलांनी एखाद्या मराठी शब्दाचा अर्थ आपणहून विचारल्याची ही पहिली वेळ.

सदानंदने शत्रुघ्नला हात केला. तो लाजत उतरला, सतरंजीवर उकिडवा बसला, कोपर पसरले आणि घशातून असा काही गुरगुरला की जवळची दोन मुलं मागे सरकली. मग उठून त्याने चालून दाखवलं. “आधी मान फुडे, मगे पाय.” थोड्या वेळाने बावीस मुलं माना काढत हॉलभर फिरत होती आणि त्यांच्या शेवटी सदानंद. मेधा दारात उभी होती. तिने फोन काढला नाही, नुसती पाहत राहिली.

जेवायला चिकन बिर्याणी होती. पेट्रोलमधल्या डायनोसॉरसाठी रडलेल्या मुलांनी डायनोसॉरचा लेग पीस मिळावा म्हणून रांग लावली. राजाभाऊंनी ग्रुपवर लिहिलं, ‘अध्यक्षांच्या कल्पक आयोजनामुळे कार्यक्रम यशस्वी.’

शत्रुघ्न भिंतीला टेकून जेवत होता. सदानंद ताट घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसला.

“सायबा,” शत्रुघ्नने विचारलं, “त्या अंड्यांचा फुडे काय झाला?”

“फुटलीच नाहीत. वरून वाळू आली. त्याखाली आईही अंड्यांसकट गाडली गेली.”

“उठली नाय ती?”

“नाही.”

शत्रुघ्नने घास हातातच धरून ठेवला. “खुडूक कोंबडी उठणा नाय,” तो म्हणाला. “पाऊस येवदे, कुत्रो येवदे.”

सात मुद्द्यांत हे नव्हतं. सदानंदने खिशातलं पेन काढलं आणि पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ते लिहून घेतलं.