बुरुजाच्या मागचं अंगण

"हा तुझा जादूगार खोटं बोलतोय, सूनबाई," सासरे म्हणाले आणि पुस्तक उघडंच, पालथं घालून टेबलावर ठेवलं.

मी कोबी चिरत होते. पुस्तक असं पालथं घातलेलं मला अजिबात खपत नाही, पण लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सासऱ्यांना कोण बोलणार?

"कुठला जादूगार, बाबा?"

"तो बुरुजावरचा. म्हणतो, मी थंडी निर्माण करतो. अगं, थंडी कुणी निर्माण करत नसतं. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच असतं ते. फ्रिज दुसरं काय करतो? यानं म्हणे अख्खी नदी गोठवली. बरं, गोठवली. मग नदीतली उष्णता गेली कुठं?"

मी सुरी खाली ठेवली. याच एका प्रश्नावर आम्ही काही हजार वाचक सहा वर्षं एकमेकांशी हुज्जत घालत होतो, आणि हे गृहस्थ पहिल्या खंडाच्या नव्वदाव्या पानावरच तिथे येऊन उभे राहिले होते.

त्या मालिकेचे पाच जाडजूड खंड निघाले आणि लेखक गप्प झाला. सहावा खंड आलाच नाही. शेवट नाही म्हटल्यावर वाचक काय करणार? आपापले तर्क लढवणार. आमचा इंटरनेटवर एक गट होता. तिथे कुणी म्हणायचं, नदीतली उष्णता चंद्रात साठते. कुणी म्हणायचं, जमिनीखाली एक प्राणी झोपलाय, तो ती खातो. जादूगाराचं आयुष्य तेवढं कमी होतं, असा माझा सिद्धांत होता आणि तो मी चांगला चौदा पानं लिहिला होता. सासऱ्यांना सांगितला, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आयुष्य कमी झालं म्हणून फ्रिज गार होतो का?" म्हणाले. चौदा पानं एका वाक्यात निकालात निघाली.

सासरे एका मोठ्या इस्पितळात फ्रिज मेकॅनिक होते. रक्ताच्या पिशव्यांची थंड खोली, लसींची कपाटं, औषधांची शीतगृहं, हा सगळा त्यांचा संसार. दोन ते आठ अंश, या दोन आकड्यांच्या मध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्यांचं काम असं की नीट केलं तर काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही तर कुणाला आठवण येत नाही. बिघाड झाला की मात्र, तो फ्रिजवाला कुठं मेला, अशी विचारणा. निवृत्तीनंतर तीही थांबली. आता कुणाकडे गेलं की ते आधी स्वयंपाकघरात शिरायचे आणि फ्रिजच्या मागच्या बाजूला तळहात लावून बघायचे. घरमालकीण अवघडून जायची.

मी नकाशे काढायची. ज्या कचेरीत काढायची ती बंद पडली. नवरा महिन्यातले वीस दिवस कामासाठी बाहेरगावी. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणजे घरात दोनच माणसं, एक निवृत्त आणि एक रिकामं. आम्ही एकमेकांशी इतकं अदबीनं वागायचो की दोघांनाही कंटाळा यायचा. मी खोलीचं दार लावून पुस्तकात तोंड खुपसून बसायची. काय वाचतेस, का बसतेस, पुढे काय करणार, हे त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. एक दिवस वर्तमानपत्र आलं नाही म्हणून त्यांनी माझ्या कपाटातून पहिला खंड उचलला. त्या दिवशी वर्तमानपत्र टाकायला विसरलेल्या माणसाचे मी अजून मनातल्या मनात आभार मानते.

पाच खंड त्यांनी सात आठवड्यांत संपवले. आणि तिसऱ्या खंडात त्यांना ते सापडलं.

"दोनशे बारावं पान काढ," ते म्हणाले. "बुरुजाच्या मागचं अंगण. तिथं कपडे धुणाऱ्या बायका आहेत. भर हिवाळा, बर्फ पडतोय, आणि यांचे कपडे तासाभरात वाळतात. लेखकानं एकच वाक्य टाकलंय. तुम्ही सगळे बुरुजाच्या पुढच्या बाजूला लढाई बघत बसलात. मागं कोण गेलं?"

कुणीच गेलं नव्हतं. मी ते त्यांच्याच शब्दांत गटावर टाकलं. दोन दिवस नुसता धुमाकूळ. लोकांनी पाचही खंड पुन्हा चाळले आणि मागच्या बाजूच्या आणखी चार जागा निघाल्या. सगळी उष्णता तिथे जात होती आणि तिथली साधी माणसं ती सोसत होती, असा सिद्धांत पक्का झाला. सासऱ्यांचं नाव पडलं कॉम्प्रेसरकाका. त्यांना ते इतकं आवडलं की फोन उचलल्यावरही एकदा त्यांनी तेच सांगितलं. पलीकडे बँकेची बाई होती.

त्यातूनच खेळाची कल्पना निघाली. पटावर मांडून चौघांनी खेळायचा खेळ. असले खेळ मी आधीही दोन-तीन योजले होते, फाशांचा एक, पत्त्यांचा एक, आणि सगळे अर्धवट सोडले होते. या वेळी समोर तपासायला माणूस होता. मी नियम वाचून दाखवायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. "इथं गळती आहे," म्हणायचे. गळती म्हणजे नियमातली फट, जिथून हुशार खेळाडू निसटेल. अशा सतरा गळत्या त्यांनी बुजवल्या. मूळ नियम मात्र त्यांचा. जादू केली की एक लाल चकती तयार होणार, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात टाकावीच लागणार. चकतीचं नाव चटका. दहा चटके बसले की तो खेळाडू बाद.

खेळ एका छोट्या कंपनीकडे पाठवला. तिथल्या बाईंचा फोन आला. सासरे तेव्हा अंघोळीला गेले होते, हे बरं झालं.

"खेळ आवडला मला," बाई म्हणाल्या. "नकाशा तर सुंदर आहे. पण ते चटके काढा. आम्ही ऑफिसात खेळून बघितलं, दोघं जण एकमेकांशी बोलायचे बंद झाले. शनिवारी दुपारी मी तुमच्याकडे येते. ती अट काढून खेळून दाखवा, मग छापायचं ठरवू."

चार दिवस मी हे लपवलं. शुक्रवारी जेवताना सासरे म्हणाले, "तू चार दिवस माझं सगळं ऐकतेयस. काय झालंय?"

मी सांगितलं. 

"काढून टाक," म्हणाले. "खेळ छापला गेला पाहिजे. तुझं काम आहे ते. किती दिवसांनी तू दार उघडं ठेवून बसायला लागलीस. माझ्या एका नियमापायी ते घालवू नकोस."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटेल. दोन दिवस वाटेल. मग जाईल."

ते गॅलरीत जाऊन बसले. मी चटके काढून एकटीच चारही बाजूंनी खेळून बघितलं. खेळ पाणचट झाला. हवी तितकी जादू करा, कुणाचं काही जात नाही. असला खेळ कुणीही काढेल, त्याला आमच्या घराची काय गरज? खरं सांगायचं तर खेळापेक्षाही मला दुसरंच डाचत होतं. या माणसानं मला माझ्या खोलीतून बाहेर काढलं होतं, काही न विचारता, आणि त्याची एकुलती एक गोष्ट मी पुसून टाकणार होते.

शनिवारी बाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, मोठ्या पिशवीच्या, भराभर बोलणाऱ्या. चौथा खेळाडू म्हणून मी गटावर धूमकेतू असं टोपणनाव घेतलेल्या वाचकाला बोलावलं होतं. हा धूमकेतू गटावर सगळ्यांना फाडून खायचा. प्रत्यक्षात निघाले शाळेतले गणिताचे मास्तर, अगदी लाजाळू. त्यांनी सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि दोनशे बाराव्या पानाबद्दल धन्यवाद दिले. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी नुसतीच मान हलवली.

मी पट मांडला आणि लाल चकत्यांची वाटी मधोमध ठेवली.

"बाई, मी अट काढलेली नाही," मी म्हणाले. "काढून बघितली. खेळ उरत नाही."

बाईंनी पिशवीकडे पाहिलं. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हट्टी आहे," ते बाईंना म्हणाले. "एक डाव खेळा. आलाच आहात तर."

डाव सुरू झाला. आम्ही तिघांनी भराभर जादू केली आणि चटका द्यायची वेळ आली की तो सासऱ्यांच्याच अंगणात टाकला. ते स्वतः जादू करत नाहीत, म्हणजे उलट टाकणार नाहीत, हे दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं होतं. मीसुद्धा दोन टाकले. बघता बघता त्यांच्यापुढे नऊ चकत्या झाल्या. दहावी बाईंच्या हातात होती.

बाईंनी ती टाकली नाही. "बघा, मी हेच म्हणत होते," त्या म्हणाल्या. "यांना चटके देऊन मला काही मजा येत नाहीये."

मास्तर छताकडे बघू लागले. संपलं, असं मला वाटलं. आठ महिन्यांचं काम पिशवीत घालून बाई आता उठणार होत्या.

सासरे आपल्या पुढ्यातल्या चकत्या बोटानं सरकवत होते. त्यांनी एक उचलून तळहातावर घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"हे चटके नाहीत," ते म्हणाले. "बाई, माझ्या थंड खोलीच्या मागं एक बोळ होता. मशीनची गरम हवा तिथं यायची. थंडीच्या दिवसांत तिथं लोक डबे आणून ठेवायचे. झाडणारे, कपडे धुणाऱ्या बायका, गाडीचा ड्रायव्हर. मशीनच्या टपावर डबा ठेवला की जेवायच्या वेळेपर्यंत गरम. आधी मी ओरडलो. मग म्हटलं, उष्णता जातेच आहे, तर कुणाच्या तरी पोटात जाऊ दे. एक फळी ठोकली. साहेबांनी विचारलं, ही फळी कशाला? मी सांगितलं, हिच्यामुळं मशीनची थरथर कमी होते."

मास्तर हसले. सासरे हसले नाहीत.

"साहेब पुढच्या दारानं यायचे, तेही बिघाड झाल्यावर. मला माणसं भेटली ती मागच्या बाजूला. रोज. मी उगाच म्हणत आलो की एकतीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही." ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, गळती सापडली बघ. कपडे वाळत होते, हे आपणच शोधलं. कुणी भाजल्याचं कुठं लिहिलंय? आपण उगाच चटका म्हणत बसलो. दहाला बाद हे काढून टाक, आणि दर चौथ्या फेरीला हिवाळा येऊ दे. हिवाळा आला की ज्याच्या अंगणात दोन चकत्या नाहीत, तो गारठला."

मास्तरांच्या डोक्यात आकडेमोड सुरू झालेली दिसली. बाईंनी दहावी चकती वाटीत परत टाकली. त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या.

पुन्हा खेळलो, तिथूनच. हिवाळा आला आणि आम्ही तिघं कफल्लक. सगळी उष्णता आम्ही स्वतःच्या हातानं सासऱ्यांना देऊन बसलो होतो. नियमाप्रमाणे आम्ही बाद आणि ते विजयी. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि दोन चकत्या बाईंकडे सरकवल्या, दोन मास्तरांकडे, दोन माझ्याकडे.

"बाबा, हे नियमात नाही."

"मग लिहून घे."

लिहून घेतलं. त्यानंतरचा डाव असा रंगला की मास्तर उभे राहून खेळू लागले. उष्णता कुणाला द्यायची, कुणाकडे मागायची, कुणी मागच्या हिवाळ्यात आपल्याला तगवलं होतं, याचीच बोलणी. बाई जिंकल्या. सासरे शेवटून पहिले आले आणि त्यांनी टाळी वाजवली.

"छापू या," बाई म्हणाल्या. "अटीसकट."

मी सासऱ्यांना म्हणाले, "बाबा, तुमच्यामुळं झालं हे. खेळच नाही, माझं सगळंच." याहून नीट मला बोलता आलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर एक टपली मारली आणि चकत्या वाटीत भरू लागले.

बाईंनी वही काढली. "नियमांच्या पुस्तिकेत पहिलं पान आभारांचं असतं," त्या म्हणाल्या. "काकांचं नाव घालू ना?"

"माझं नको," सासरे म्हणाले. "त्या फळीवरच्या लोकांचं घाला."

"सांगा नावं."

सासरे थांबले. "नावं नाही माहीत मला," ते म्हणाले. "विचारली नाहीत कधी. त्यांनीही माझं विचारलं नाही. डबे माहीत आहेत."

"मग डबे सांगा," बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी चष्मा काढून डोळे मिटले. त्यांचा हात वर आला आणि हवेत डावीकडून उजवीकडे, कुठल्या तरी फळीच्या काठानं चालू लागला. "पिवळ्या झाकणाचा. दोरी बांधलेला. एका बाजूनं चेपलेला, तो कपडे धुणाऱ्या बाईंचा. तीन मजली, ड्रायव्हरचा. दोन सारखेच, ते नवरा-बायको होते." बाई एकेक लिहून घेत होत्या. नवव्या डब्यानंतर बोट हवेतच थांबलं.

"इथं एक असायचा," ते म्हणाले. "कोपऱ्यात. लहानसा होता."

बाईंनी पेन कागदावर टेकवून ठेवलं. मास्तर अजून उभेच होते. सासऱ्यांचं बोट त्या जागेवर स्थिर होतं आणि आम्ही तिघंही त्या डब्याची वाट बघत राहिलो.