लोकऱ्याचे दोन बुरूस

भर दुपारी, ठाण्यातलं ते घर जेवून गाढ निजलेलं असताना, मागच्या पडवीतून आवाज आला. धप्. धप्. धप्.

सुमतीनं मांडीवरचं तांदळाचं सूप अलगद खाली ठेवलं. माजघरात सासूबाईंचं घोरणं थबकलं, कूस बदलताना बांगड्या किणकिणल्या, आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. मग ती पाय न वाजवता पडवीत गेली. लोकऱ्या कान खाजवत होता आणि खाजवता खाजवता त्याचा मागचा पाय फळीच्या भिंतीवर आपटत होता.

"अरे, हळू," ती कुजबुजली. "त्या उठल्या म्हणजे झालंच तुझं."

लोकऱ्या हे नाव सुमतीच्या लेकीनं, तुळसानं, ठेवलेलं. सुमतीचा नवरा गोपीनाथ कल्याणला रेल्वेच्या इंजिनेर साहेबाकडे नकाशे काढी. साहेब आगबोटीनं कायमचा विलायतेला निघाला, तेव्हा त्याच्या मडमेनं हे लांब केसांचं कुत्रं रडत रडत गोपीनाथच्या हवाली केलं, आणि सोबत पत्र्याच्या डबीत दोन बुरूस दिले. मिठागरावरून मीठ घेऊन येणारी कळव्याची सखुबाई त्याला पहिल्यांदा पाहून पाटी डोक्यावर तशीच धरून उभी राहिली. "आगो बाय! यो कुतरा हाय का मेंढरू? आन् याचा तोंड कंच्या बाजूला हाय?"

मडमेनं जाताना बुरूस दिले खरे, पण ते कसे चालवायचे हे काही सांगितलं नाही. लोकऱ्याला हात लावलेला चालायचा. हातात काही दिसलं की मात्र दात. दोन महिन्यांत त्याच्या कानांमागे, पोटाखाली, काखांत जटा वळल्या, जटांत गोचीड शिरले, आणि पडवीला वास मारू लागला.

सासूबाईंनी, रखमाबाईंनी, एक दिवस नाकाला पदर लावून निकाल दिला. "अक्षय्यतृतीयेला चार माणसं येणार घरात. तोवर हा वास गेला तर ठीक. नाहीतर खडवलीला, माझ्या भावाच्या गोठ्यावर धाडा त्याला. राखण तरी करील."

त्या गोठ्यावर कुत्रं टिकत नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. रानातून बिबट्या यायचा आणि गुरांच्या आधी कुत्रंच उचलायचा. त्या दिवसापासून तुळसा लोकऱ्याच्या गळ्यात हात टाकून पडवीतच बसू लागली. जेवायला हाक मारली तरी, "आधी त्याला," म्हणायची.

म्हणून सुमती रोज दुपारी, ही तासाभराची चोरी करून, पडवीत येई. टांग्याच्या घोड्याला करतात तो लोखंडी खरारा तिनं मागवून आणला. एकदाच फिरवला, तर लोकऱ्या विहिरीपलीकडे पळाला आणि संध्याकाळपर्यंत परत आला नाही. स्वतःची फणी घेतली, तिचे दोन दात जटेतच राहिले. सखुबाईनं नारळाचं सोडण दिलं, म्हशी घासतात तसं घासायला. ते लोकऱ्याला फार आवडलं, इतकं की उताणा पडून लोळतच राहिला, एका जागी स्थिर होईना, आणि जट एक सुटली नाही.

मग एका दुपारी तुळसाची वेणी घालताना सुमतीचा हात थांबला. पोर "आई गं" म्हणून ओरडू नये म्हणून आपण काय करतो? केस मुळाशी मुठीत धरतो, आणि गुंता शेंड्याकडून सोडवत वर येतो. कुत्र्याचे केस म्हणजे तरी वेगळं काय? तिनं खोबरेल तेल घेतलं, रुंद दातांचा लाकडी कंगवा घेतला, एक जट मुळाशी धरली आणि शेंड्यापासून सुरुवात केली. जट सुटली! पण एवढ्याशा जटेला लोकऱ्या पाच वेळा उसळला. त्याला आधी शांत करायला हवं होतं, आणि ते काम बुरसाचं होतं.

आता, बुरूस दोन होते. एक राठ, मुळ्यांसारख्या काड्यांचा. तो पाठीला लागला की लोकऱ्या गुरगुरे. दुसरा काळ्याभोर केसांचा, दाट, लवचिक. तो पहिल्याच दिवशी, कोरा करकरीत, सासूबाईंनी उचलला होता.

"माडाचं असतं हे," त्या म्हणाल्या होत्या. "झाडाच्या जिनसेला विटाळ नाही. पाण्यातून काढलं की झालं." तेव्हापासून रोज सकाळी मामंजी पूजेला बसण्यापूर्वी सासूबाई त्यांचा सोवळ्याचा रेशमी मुकटा खुंटीवरून काढून त्यावरची धुपाची राख त्या बुरसानं झटकत. "विलायतेत अक्कल आहे हो," असंही म्हणत.

सुमतीनं एकदा भीत भीत मागून पाहिला.

"देवाच्या कामाची वस्तू कुत्र्याला? आज मागितलास, उद्या देव्हारा मागशील!"

मग सुमतीला वाटलं, तसलाच आपण केला तर? पण तो कशाचा ते कळायला हवं. बुरसाचा एक गळलेला केस देवघराच्या उंबऱ्याशी पडलेला तिला मिळाला. तो तिनं कागदाच्या पुडीत ठेवला. माडाचा काथ्या शेजारी ठेवून पाहिला. काथ्या तांबूस, आणि चुरगळला की मोडायचा, हा मोडेना. जाळून पाहिला तर काथ्याला चुलीचा वास आला, आणि बुरसाच्या तुकड्याला जळक्या केसांचा. म्हणजे झाडाचा नव्हे! मग कुणाचा? घोड्याच्या शेपटीचा पाहिला, बकरीचा पाहिला, तुळसाचा एक उपटून पाहिला.

"आई गं! माझा कशाला?"

"बघत्ये, मडमेनं तुझ्या केसांचा बुरूस केलाय का ते."

तुळसा खुदकन हसली. तेव्हापासून तिलाही छंद लागला. जो केस दिसेल तो आणून आईच्या पुढ्यात ठेवायची.

मामंजींच्या वाचायच्या भिंगाखाली सुमतीला गंमत दिसली. बुरसाचा केस बुडाशी जाड होता आणि टोकाशी दोन-तीन फाट्यांत चिरलेला. घोड्याच्या केसाला असे फाटे नव्हते, बकरीच्याही नाही. त्या फाट्यांमुळेच तो मऊ लागत असणार आणि धूळ धरत असणार. तिला इतका आनंद झाला, की हे कुणाला तरी सांगावं असं वाटलं. पण सांगणार कुणाला? घर निजलेलं.

चार दिवसांनी ती तुळसाला घेऊन कौपीनेश्वराच्या देवळातून घरी येत होती. वाटेत एका पडक्या मातीच्या भिंतीला एक डुक्कर अंग घाशीत होतं. ते गेल्यावर तुळसा ओरडली, "आई, केस!"

भिंतीच्या ओल्या मातीत चार-पाच काळे, राठ केस चिकटले होते. सुमतीनं पळसाच्या पानानं एक ओढून घेतला. बुडाशी जाड. टोकाशी फाटे. भिंगाची गरजच नव्हती.

घरी येऊन तिनं तो पुडीतल्या केसाशेजारी ठेवला. दोन्ही सारखे. डुकराचा केस! रोज सकाळी. मुकट्यावरून. आणि तो मुकटा नेसून देवाला हात!

बोलावं, तर घरात आकांत होईल. मामंजींना प्रायश्चित्त घ्यावं लागेल, आणि ज्याच्या पायी ही वस्तू घरात आली तो लोकऱ्या त्याच संध्याकाळी खडवलीच्या वाटेला लागेल. न बोलावं, तर उद्या सकाळी पुन्हा तोच बुरूस, तोच मुकटा, आणि आता तर जाणूनबुजून. ती विहिरीवर गेली आणि डोक्यावरून घागर ओतून घेतली.

"भर दुपारी न्हाणं?" सासूबाई दारात उभ्या होत्या. "कुणी गेलं का गं?"

"नाही."

"मग?"

सुमतीच्या अंगावरून पाणी निथळत होतं. खोटं काही सुचेना. तिनं पुडी आणली, दोन्ही केस पायरीवर ठेवले, आणि मान खाली घालून सगळं सांगितलं.

सासूबाईंनी वाकून दोन्ही केस पाहिले. सुमतीला वाटलं, आता हाक जाईल, "अहो, ऐकलंत का!" पण सासूबाई हळूच खाली बसल्या. त्यांनी एकदा मामंजींच्या खोलीकडे पाहिलं.

"मीच झटकत होते रोज," त्या म्हणाल्या. "माझ्या हातांनी." मग अगदी हलक्या आवाजात, "यांना सांगितलंस?"

"नाही."

"गोपीनाथला?"

"तुम्हांलाच पहिल्यांदा सांगत्ये."

"मग शेवटचंही मलाच." त्या उठल्या. खुंटीवरचा मुकटा दोन बोटांनी उचलून त्यांनी विहिरीशी नेला, आणि आतून मामंजींचा आवाज आला तेव्हा मोठ्यांदा उत्तर दिलं, "अहो, समईचं तेल सांडलंय त्यावर! धुवायला काढत्ये!" मग स्वतःच्या डोक्यावरून दोन घागरी ओतल्या. ओलेत्यानंच आत जाऊन त्यांनी बुरूस काठीनं ढकलत पडवीपर्यंत आणला.

"घे. ज्याचा त्याला. हात लावलास की न्हाऊनच घरात ये. आणि सुमती, तृतीयेला वास आला तर मात्र माझ्या तोंडी लागू नकोस."

सुमती लोकऱ्यापाशी बसली. बुरूस मानेवरून पाठीवर नेला. लोकऱ्यानं एकदा वळून पाहिलं, दात दाखवायचे की नाही याचा विचार केला, आणि हनुवटी तुळसाच्या मांडीवर टेकली. दुसऱ्यांदा फिरवला तेव्हा त्याचे डोळे मिटले. तिसऱ्या वेळी तिनं डाव्या हातात तेलाचा कंगवा घेतला, कानामागची मोठी जट मुळाशी धरली, आणि शेंड्यापासून एकेक दात वर नेला. तो उसळला नाही. जट सुटून गोचिडासकट तिच्या हातात आली. खालची कातडी गुलाबी, नुकत्या जन्मलेल्या पोरासारखी.

"बघ, सुटली," ती म्हणाली. "आता नाही जात हा कुठं."

तुळसानं मान हलवली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. पायरीवरचं सगळं बोलणं तिनं दाराआडून ऐकलं होतं. लोकऱ्याचा मोकळा झालेला कान ती बोटांनी सारखा करत राहिली.

"आई," तिनं विचारलं, "आजी रोज त्या बुरसानं झटकायची आणि आजोबा रोज पूजा करायचे. मग देव इतके दिवस रागावला का नाही गं?"